बॉर्डर्स होतं तेव्हा

नव्वदचं दशक संपता संपता किंवा त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत जी मराठी कुटुंबं मिशिगनमध्ये आली, त्यांच्यापैकी कुणालाही विचारून पाहा, मुलं लहान असताना शनिवारी संध्याकाळी कुठे जायचात? मराठी मंडळाचा कार्यक्रम नाही, कुणाकडे पॉटलक नाही, बाहेर बर्फ पडतंय आणि मुलांनी घर डोक्यावर घेतलंय, अशा वेळी उत्तर एकच असायचं. बॉर्डर्स, पुस्तकांचं ते भलंमोठं दुकान. कुणाचं नोव्हायचं, कुणाचं फार्मिंग्टन हिल्सचं, आमचं अ‍ॅन आर्बरचं. शाखा वेगळ्या, पण आठवणी इतक्या सारख्या की आम्ही मैत्रिणी हल्ली त्या विषयावर आलो की एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. म्हणून हे सगळं ‘आम्ही’ म्हणूनच लिहिते आहे.

तेव्हाचं आमचं आयुष्य आधी सांगायला हवं. नवरे मोटार कंपन्यांत, नाहीतर त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत. आम्ही बहुतेक जणी एच-फोर व्हिसावर, म्हणजे हातात एम.एस्सी., एम.कॉम. असली तरी नोकरीची मुभा नाही. घरात एकच गाडी. नोव्हेंबरपासून मार्च सरेपर्यंत थंडी. अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा, माणूस दिसायचा नाही. वाचायला असायचं ते भारतातून बॅगेत आणलेलं, आणि बॅगेत पहिला मान गोडा मसाला, मेतकूट, कुळथाच्या पिठाचा. उरलेल्या जागेत पुस्तकं. ती आपसात फिरायची. एखादा दिवाळी अंक पानं सुटेपर्यंत चार गावं हिंडायचा.

बॉर्डर्समध्ये मराठी पुस्तक कधीच नव्हतं. तरीही ते आमचं झालं, आणि त्याचं कारण तिथल्या खुर्च्या. दार ढकललं की आधी उबदार हवा अंगावर यायची, मग कॉफीचा वास. समोरच्या टेबलावर नवी पुस्तकं, पलीकडे मासिकांची भलीमोठी भिंत, आतल्या बाजूला मुलांचा विभाग. आणि जागोजागी खुर्च्या, त्यांत ऐसपैस बसून माणसं वाचताहेत, ना कुणी पैसे दिलेत ना कुणी मागतंय. आम्हाला सवय पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाची. काउंटरच्या अलीकडे गर्दीत उभं राहायचं, पुस्तकाचं नाव ओरडून सांगायचं, मग दुकानदार आतून गठ्ठा आणून देणार. नाव माहीत नसेल तर तिथे जाऊन करायचं काय? इथे नाव माहीत असण्याची गरजच नव्हती. पहिल्या काही खेपांना आम्ही खुर्चीच्या कडेवर बसायचो, आता कुणीतरी येऊन ‘काय हवंय’ विचारणार म्हणून. कुणी आलं नाही. हळूहळू आम्ही पाठ टेकून बसायला लागलो.

हे दुकान मुळात आमच्याच गावचं, हे पुष्कळ उशिरा कळलं. टॉम आणि लुई या बॉर्डर्स बंधूंनी १९७१ मध्ये अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या शेजारी, जुन्या पुस्तकांचं एक छोटं दुकान काढलं. लुई गणिताचा विद्यार्थी. कुठल्या गावात काय खपतं याचा हिशेब ठेवणारी संगणकाची पद्धत त्याने बसवली, आणि त्यामुळे प्रत्येक शाखेतला साठा तिथल्या वाचकांप्रमाणे बदलू लागला. नोकरीला येणाऱ्या माणसाची साहित्याची चाचणी घेतली जायची. कुठलं पुस्तक कुणाचं हे ज्याला येतं, त्यालाच कामावर घ्यायचं. १९९२ मध्ये केमार्ट या मोठ्या दुकानसाखळीने हे दुकान विकत घेतलं. केमार्टचं मुख्यालय तेव्हा इथेच, ट्रॉयमध्ये. १९९५ मध्ये बॉर्डर्स त्यातून सुटून स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात आलं, आणि मग देशभर, पुढे सिंगापूर-इंग्लंडपर्यंत पसरलं. याच कंपनीची, मॉलमधली वॉल्डनबुक्सची छोटी दुकानं धरून २००३ मध्ये बाराशेच्या वर दुकानं होती. अ‍ॅन आर्बरच्या लिबर्टी स्ट्रीटवरचं दुकान हे या सगळ्यांतलं एक नंबरचं.

पण बॉर्डर्सचं खरं ऋण आहे ते आमच्या आई-वडिलांच्या आणि सासू-सासऱ्यांच्या बाबतीत. व्हिजिटर व्हिसावर ते सहा-सहा महिन्यांसाठी यायचे. पहिला महिना नातवंडांच्या कौतुकात जायचा, नायगारा बघून व्हायचा. मग दिवस खायला उठायचे. पायी जायला फुटपाथ नाही, बस नाही, शेजारी कोण राहतं ते कळत नाही. आयुष्यभर ज्यांनी भाजी आणायला, पेन्शन घ्यायला, कट्ट्यावर बसायला दिवसातून दोनदा चप्पल घातली, ती माणसं सोफ्यावर बसून घड्याळाकडे बघायची. आमच्या सगळ्यांच्या घरी हीच तऱ्हा. कुणाच्या सासऱ्यांनी परतीचं तिकीट अलीकडे ओढून घेतलं, कुणाची आई उगाचच चिडचिडी झाली.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. हयात कोकणातल्या खाड्यांवर पूल बांधण्यात गेली. त्यांना मी मुलांना शाळेत सोडून येताना बॉर्डर्सपाशी उतरवायची आणि जेवणाच्या वेळेला घ्यायला जायची. तिथे त्यांना डेव्हिड मॅकलो यांचं ‘द ग्रेट ब्रिज’ सापडलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरचं पाचशेहून अधिक पानांचं पुस्तक. ते त्यांनी त्या खुर्चीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. खूण म्हणून पुण्याच्या पीएमटी बसचं एक जुनं तिकीट खिशात होतं, ते पानात घालायचं आणि पुस्तक होतं त्या जागी ठेवून यायचं. रात्री जेवताना आम्हा सगळ्यांना त्या पुलाची हकिगत ऐकायला मिळायची. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करून मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग आजाराने अंथरुणाला खिळला, आणि त्याची बायको एमिली त्याचे निरोप घेऊन रोज कामावर जायला लागली, जाता जाता स्वतः सगळं शिकली. “अगं, पोळी राहू दे जरा, ऐक,” असं अण्णा सांगायचे. चाळीस वर्षं खात्यात काढली पण पुलाबद्दल इतकं बोलताना त्यांना घरात कुणी ऐकलं नव्हतं.

इतिहासाच्या विभागात काम करणारा एक लांब केसांचा मुलगा होता. त्याने ते तिकीट पाहिलं होतं, पण हलवलं नव्हतं. पुस्तक संपल्याच्या दिवशी तो आपण होऊन अण्णांकडे आला आणि विचारलं, तुम्ही इंजिनिअर का? मग त्याच लेखकाचं पनामा कालव्यावरचं ‘द पाथ बिटवीन द सीज’ काढून हातात दिलं. रुपयात गुणाकार केल्याशिवाय डॉलर खर्च न करणाऱ्या आमच्या अण्णांनी परत जायच्या आठवड्यात ते विकत घेतलं. म्हणाले, “पहिलं फुकट वाचलं. हे घेऊन जातो. पोराने ओळखलं मला.” ते पुस्तक कोथरूडच्या घरात आहे.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्यांना इंग्रजी वाचणं जड जायचं. मासिकांपाशी त्या विणकामाची नि बागेची चित्रं बघत बसायच्या. तिथे त्यांना कापडाचे तुकडे जोडून केलेल्या अमेरिकन क्विल्टची पुस्तकं मिळाली. बघता बघता त्यांनी माझ्याकडून कागद-पेन्सिल मागून घेतली आणि लिफाफ्याच्या पाठीवर एक चांदणीचा नमुना उतरवला, चौकोन कसे कापायचे, त्रिकोण कसा उलटा लावायचा, सगळं. शेजारच्या खुर्चीत एक गोरी आजी होती. ती कौतुकाने पुढे वाकली. या आपल्या मराठीतून गोधडीचा धावदोरा बोटाने काढून दाखवताहेत, त्या इंग्रजीतून काहीतरी सांगताहेत. अर्धा तास दोघींचं छान चाललं होतं. त्या हिवाळ्यात जुन्या साड्यांची जी गोधडी झाली, तिच्यावर ती चांदणी आहे. माझी लेक ती कॉलेजच्या वसतिगृहात घेऊन गेली होती.

आमच्यातल्या प्रत्येकीच्या घरात अशी एकेक गोष्ट आहे. एकीचे वडील रोजचं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ तिथे वाचायचे. एकीची आई कॅफेत बसून चहाचा कागदी पेला पुढ्यात ठेवून नुसती माणसं बघायची, आणि तिला तेवढंच हवं होतं.

मुलांच्या आठवणी अर्थातच हॅरी पॉटरच्या. २००७ च्या २० जुलैची रात्र, सातवं पुस्तक बारा वाजता उघडणार. दुकानात झगे घातलेली, कपाळावर विजेची खूण रंगवलेली पोरं, त्यांच्यामागे जांभया देणारे आई-बाप. बारा वाजता खोकी फुटली तेव्हाचा तो गलका! माझी थोरली गाडीत बसल्या बसल्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात वाचायला लागली. धाकट्याचं वेड निराळं. तो मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, कपाटापाशी फरशीवर मांडी घालून बसायचा, उजवीकडून डावीकडे वाचायचा, आणि त्याच्यासारखीच आणखी पाच-सहा मुलं त्या बोळात अशी पसरलेली असायची की आपल्याला ओलांडून जावं लागे. त्यांतला एक जण अजून त्याचा जिवलग मित्र आहे. कपाटापाशी काय हवंय हे ठरवून धाकटा कधीच गेला नव्हता. जपानी चित्रकथांपासून जपानच्या इतिहासावर, तिथून महायुद्धावर, तिथून कुठल्या कुठे. एका कपाटाशेजारी दुसरं कपाट होतं म्हणून हे झालं.

बॉर्डर्स का बुडालं? अ‍ॅमेझॉनमुळे, असं एका शब्दात सांगायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. सीडी आणि डीव्हीडीसाठी त्यांनी मोठमोठे विभाग मांडले, आणि नेमकं त्याच सुमारास संगीत सीडीवरून उतरून इंटरनेटवर गेलं. २००१ मध्ये स्वतःची ऑनलाइन विक्री चक्क अ‍ॅमेझॉनच्याच हवाली केली, ती परत आपल्या हातात घेतली २००८ मध्ये. सात वर्षं आपलं गिऱ्हाईक आपण होऊन स्पर्धकाच्या दारात नेऊन सोडलं! दरम्यान २००७ च्या नोव्हेंबरात ई-पुस्तकं वाचायचं अ‍ॅमेझॉनचं किंडल आलं. बार्न्स अँड नोबल या प्रतिस्पर्धी साखळीने २००९ मध्ये तसंच स्वतःचं नूक काढलं, बॉर्डर्सकडे दाखवायला आपलं असं काही नव्हतं. जागांचे लांब मुदतीचे भाडेकरार, डोक्यावर कर्ज. शिवाय विक्रीकराची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. मिशिगनमध्ये दुकानातल्या पुस्तकावर सहा टक्के कर लागायचा. ज्या राज्यात दुकान वा गोदाम नाही, तिथला कर ऑनलाइन विक्रेत्याने गोळा करायची गरज नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १९९२ चा निकाल होता. तो फिरवला गेला २०१८ मध्ये. तोपर्यंत सवलत एकीकडे आणि कर दुसरीकडे, अशा लढाईत दुकानवाल्याचा एक हात बांधलेला होता. लोक पुस्तक चाळायचे इथे आणि मागवायचे तिथे.

२००८ मध्ये कंपनीने एक गोष्ट केली ती आम्हाला तेव्हा आवडली होती. कपाटात पुस्तकांच्या पाठी दिसण्याऐवजी मुखपृष्ठं समोर दिसतील, अशी मांडणी सुरू झाली. दिसायला देखणं. पण त्यात जागा जास्त जाते, म्हणून पुस्तकांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी कमी करायची असं ठरलं होतं. जी पुस्तकं गेली, ती कुठली असणार? ज्यांची वर्षाला एखादी प्रत खपते ती. ब्रुकलिन पुलावरची, चांदणीच्या गोधडीवरची.

१६ फेब्रुवारी २०११ ला दिवाळखोरीचा अर्ज झाला. तेव्हा सहाशेच्या वर दुकानं उरली होती, त्यांतली दोनशेच्या आसपास लगेच बंद करायची यादी निघाली. प्रकाशकांचे पैसे अडकले, एकट्या पेंग्विनचे चार कोटी दहा लाख डॉलर. कुणीतरी विकत घेईल अशी आशा जुलैपर्यंत होती. १८ जुलैला कंपनीने सगळं मोडीत काढायचं जाहीर केलं. उरलेली ३९९ दुकानं, १०,७०० माणसं. सप्टेंबरमध्ये दारं बंद झाली.

त्या उन्हाळ्यातला सेल आम्ही सगळ्यांनी पाहिला. पिवळ्या-काळ्या पाट्या, आधी थोडी सवलत, मग दर आठवड्याला वाढत जाणारी. विभाग एकमेकांत मिसळले, स्वयंपाकाच्या पुस्तकांत कायद्याची, कवितांत करिअर मार्गदर्शनाची. शेवटी कपाटंसुद्धा विकायला काढली. आमच्यातल्या एका कुटुंबाने एक लाकडी कपाट घेतलं आणि मिनीव्हॅनच्या सीटा काढून घरी आणलं. त्यांच्या बेसमेंटमध्ये आमची फिरती मराठी पुस्तकं त्यात लावली आहेत. काउंटरवरची बाई, जी आमच्या मुलांना नावाने ओळखायची, त्या दिवसांत कुणाशी नजर मिळवत नव्हती. तिच्याशी काय बोलावं हे कुणालाच सुचलं नाही.

साखळी दुकानं गेली म्हणून हळहळू नये, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. याच दुकानांनी आधी गावोगावची छोटी दुकानं खाल्ली होती. १९९८ चा ‘यूव्ह गॉट मेल’ सिनेमा त्यावरच बेतलेला आहे. दर्शनी टेबलावरची पुस्तकं वाचकाच्या आवडीने नव्हे, प्रकाशकांनी मोजलेल्या पैशांनी तिथे यायची, हेही खरं. तरी एक गोष्ट स्थलांतरित म्हणून आम्हीच सांगू शकतो. छोट्या दुकानात मालक असतो, त्याचं ओळखीचं गिऱ्हाईक असतं, गप्पा चालू असतात. आपला उच्चार वेगळा, आपल्याला त्यांचे लेखक ठाऊक नाहीत, अशा वेळी तिथलं दार ढकलायला धीर लागतो. बॉर्डर्सच्या त्या अवाढव्यपणात साडी नेसलेली, इंग्रजी न येणारी बाई चार तास बसू शकली. तिला तिथे कुणी हटकलं नाही, आणि तिला त्यात मोकळं वाटलं.

नंतर आम्ही वाचायचं थांबवलं का? मुळीच नाही. पुस्तकं आता जास्तच येतात, दुसऱ्या दिवशी दारात. मराठीसुद्धा पूर्वीपेक्षा सहज मिळतं, ई-बुकं आहेत, ऑडिओ आहे. ज्याला काय हवं ते माहीत आहे, त्याच्यासाठी इतके चांगले दिवस कधीच नव्हते. नुकसान झालं ते ज्याला माहीत नाही त्याचं. अण्णांनी घरी संगणकापुढे बसून ब्रुकलिनच्या पुलाचं पुस्तक शोधलं नसतं, कारण असं पुस्तक असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि त्यांनी ते शोधलंच असतं, तर पुढे आणखी दहा पुलांची पुस्तकं समोर आली असती, कालव्याचं देणारा तो मुलगा आला नसता. आमच्या मंडळातली आताची लहान मुलं हुशार आहेत, पुष्कळ वाचतात, पण बहुतेक एकाच मालिकेतलं पुढचं, त्याच्या पुढचं. शेजारचं कपाट त्यांना नाही.

तिकडे मुंबईतही काही वेगळं घडलं नाही. अण्णा आणि त्यांचे मित्र ज्या दुकानाची सवलत आणि आपुलकी सांगताना थकायचे नाहीत, ते फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉल, टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं, २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झालं. ते साखळी दुकान नव्हतं, आणि तरीही ते गेलं.

सगळंच गेलं असं मात्र नाही. अ‍ॅन आर्बरमध्ये २०१३ मध्ये लिटराटी नावाचं छोटं दुकान निघालं. तळघरात एक टाइपरायटर ठेवलेला, कुणीही यावं, हवं ते टाइप करून जावं. बार्न्स अँड नोबल २०१९ मध्ये विकलं गेलं, आणि जेम्स डाँट या मुळात पुस्तकांचंच दुकान चालवणाऱ्या माणसाच्या हाती कारभार आला. काय मांडायचं ते आता शाखेतली माणसं ठरवतात, प्रकाशकांकडून टेबलाचे पैसे घेणं बंद झालं, आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी डझनांनी नवी दुकानं उघडली आहेत. म्हणजे मोठं दुकान चालूच शकत नाही, हा निष्कर्ष चुकीचा होता. पुस्तकं ओळखणारी माणसं तिथे असली तर ते चालतं.

आता आमच्यापाठची पिढी इथे आई-वडिलांना बोलावते. त्यांना नायगारा दाखवा, शिकागो दाखवा. पण आठवड्यातून एकदा जवळच्या पुस्तकाच्या दुकानात किंवा गावच्या लायब्ररीत नेऊन सोडा, मुलांनाही बरोबर पाठवा, काय वाचावं ते सांगू नका, आणि घ्यायला लवकर जाऊ नका. निघताना एखादं पुस्तक त्याच दुकानातून विकत घ्या, चार डॉलर जास्त पडले तरी.